उरलेल्या भाजीचं वजन

शेळीनं दुधीकडे एकदा पाहिलं, नाक लावलं आणि तोंड फिरवलं.

काका बादली घेऊन तिच्या मागे मागे गेले. डावीकडून दिला, उजवीकडून दिला. शेवटी एक फोड हातात घेऊन तिच्या तोंडापाशी धरली आणि "खा गं बाई, बिनतेलाचा आहे," असंही समजावून पाहिलं. शेळी खुंट्याभोवती एक गोल फिरली आणि काकांकडे पाठ करून बसली.

मागच्या फाटकावरचा रखवालदार स्टुलावर बसून हे सगळं बघत होता. शेळी त्याची. "ती नाही खायची," तो म्हणाला. "कोबी आणा, गाजर आणा, पालक आणा. जुनी वर्तमानपत्रं आणलीत तरी ती नाही म्हणायची नाही. पण उकडलेला दुधी नको. मुकं जनावर असलं म्हणून काय झालं!"

काकांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. साडेतीनला उरलेलं अन्न काट्यावर चढवायचं, चिठ्ठी काढायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा. बादलीत चार किलो दुधी जसाच्या तसा. त्यांनी रखवालदाराकडे आशेनं पाहिलं. रखवालदार म्हणाला, मी शेळीच्या मताचा आहे.

आता हे काका कोण आणि त्यांना शेळीच्या एवढ्या नाकदुऱ्या काढायची वेळ का आली, ते सांगायला हवं.

काका एका कारखान्याच्या कँटीनमध्ये ताटं धुवायचे. कारखाना वजनकाट्यांचा. सोनाराच्या टेबलावरच्या नाजूक काट्यापासून भरलेल्या ट्रकचं वजन करणाऱ्या अवाढव्य काट्यापर्यंत सगळं तिथे बने. माणसं सव्वाशे. त्या सव्वाशे माणसांचा स्वयंपाक काकू करायच्या, आणि काका-काकू म्हणजे नवरा-बायको. खरं तर नोकरी आधी काकूंना लागली. ताटं धुवायला माणूस काही टिकेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, आमचे हे आहेत ना घरी बसलेले. त्यामुळे कारखान्यात त्या आधी काकू झाल्या आणि काकूंचे हे म्हणून ते काका. स्वतःच्या कर्तबगारीवर काका झालेला हा माणूस नव्हे.

कँटीनची रचना अशी की पुढे स्वयंपाकघर, मध्ये जेवायचं दालन आणि त्याच्या पलीकडे काकांची धुण्याची खोली. दालनाच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. जेवणं झाली की माणसं त्या खिडकीतून ताटं आत सरकवत. वाढून झालेली पातेलीही तिकडूनच काकांकडे जात. म्हणजे भरलेलं पातेलं काकूंच्या हातून बाहेर पडे ते त्यांना थेट घासून, पुसून, उलटं घातलेलंच दिसे. मधे त्याचं काय झालं, ते एकट्या काकांना ठाऊक.

आणि काकांनी ते कधी सांगितलं नव्हतं.

नाही, एकदा सांगितलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, काकूंच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी. तेव्हा काकांची नोकरी लागलेली नव्हती, नुसते मदतीला म्हणून आले होते. घरी जाताना काकूंनी विचारलं, "काय काय परत आलं हो?" काका पडले सरळ माणूस. म्हणाले, अर्धं पातेलं भात आला, भाजी तर जवळजवळ सगळीच आली, एकानं डाळीत खडा निघाला म्हणून ताट आपटलं. काकू घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि जेवायला उठल्या नाहीत. सकाळी डोळे सुजलेले. मी नाही जाणार पुन्हा, म्हणाल्या. कशीबशी समजूत घालून काकांनी त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी वाटेत पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा काकांनी काहीही विचार न करता सांगून टाकलं, "काही नाही. चाटूनपुसून."

काकूंचा चेहरा असा काही खुलला, की काका त्या दिवसापासून अडकले. रोज तोच प्रश्न आणि रोज तेच उत्तर. काकूंचा हात तसा वाईट नव्हता. बरा होता. पण बरा असलेल्या हाताला रोज चाटूनपुसून म्हटलं की काय होतं? आपण फार थोर स्वयंपाक करतो अशी काकूंची हळूहळू खात्री होत गेली. लग्नाकार्यात कोणी आचाऱ्याची तारीफ केली की त्या नुसत्या हसत. बोलत काही नसत, पण ते हसणं सगळं सांगून जाई. काकांना ते हसणं बघायला आवडे. त्यात आपल्या हातची भर आहे, हे त्यांना माहीत होतं.

असं बावीस वर्षं छान चाललं होतं. मग आल्या मॅडम.

मॅडम आहारतज्ज्ञ. वयानं लहान, पण बोलणं ठाम. मोठ्या साहेबांनी त्यांना मुद्दाम नेमलं होतं, कारण साहेबांच्या स्वतःच्या छातीत एकदा कळ येऊन गेली होती आणि तेव्हापासून त्यांना सगळ्या कारखान्याच्या छातीची काळजी वाटू लागली होती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची रक्ततपासणी केली. काकांची साखर पाहून त्यांनी भुवया अशा उंचावल्या की काकांना उगाच ओशाळल्यासारखं झालं. नंतर त्यांनी दालनात सगळ्यांना बसवून समजावलं. तेल निम्मं, मीठ निम्मं. तळलेलं आठवड्यातून एकदाच. पाकिटातलं काही नाही. भाजी लांबून ट्रकनं यायची नाही, जवळच्या मळ्यातली आणि त्या त्या मोसमातलीच घ्यायची. आपल्या अंगाला बरं ते जमिनीलाही बरं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अजून जेवायची सुटी व्हायची होती, म्हणून वाजवल्या.

मोसम नेमका दुधीचा होता. त्याला मॅडम तरी काय करणार?

लोक वैतागले, पण काकूंचं मात्र उलटंच झालं. पन्नाशी उलटलेली ही बाई, एका जागी बसून मॅडमपाशी शिकायला लागली. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, काकू, सव्वाशे माणसांचं काळीज तुमच्या पळीवर आहे. आयुष्यात असं वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं. त्या मीठ चमच्यानं मोजू लागल्या. भाज्यांच्या साली फेकायच्या त्या वाळवून भुकटी करू लागल्या. दुधी डाळीत, दुधी भातात, एकदा तर दुधी गोडातही पडला. घरीही तेच. रात्री जेवताना त्या काकांना कोणत्या भाजीत काय असतं ते सांगत, आणि काका तळलेल्या बटाट्यांच्या आठवणीत मान डोलवत.

आणि खिडकीतून काय यायचं? दुधीच दुधी. माणसं घास घेऊन ताट सरकवून देत आणि फाटकाबाहेरच्या गाडीवर जाऊन तळलेलं खाऊन येत. फाइलिंग खात्याचा, म्हणजे कानस मारणाऱ्यांचा, फोरमन तर ताट सरकवताना दर वेळी म्हणे, काका, हे घ्या तुमच्या काकूंचं औषध. काका निमूट ताट रिकामं करत. संध्याकाळी सांगत, चाटूनपुसून.

हेही निभावलं असतं. पण एका शनिवारी मॅडमनी नवी सूचना आणली. आपण काय खातो एवढंच बघून भागायचं नाही, आपण काय टाकतो तेही बघायला हवं. टाकलेल्या अन्नाबरोबर पाणी जातं, माती जाते, शेतकऱ्याचे कष्ट जातात. म्हणून सोमवारपासून उरलेलं सगळं, ताटातलं आणि पातेल्यातलं, रोज काट्यावर ठेवायचं आणि आकडा दाराजवळच्या फळ्यावर लिहायचा. मोठे साहेब तर खूष झाले. "आपण अख्ख्या जगाचं वजन करतो," ते म्हणाले, "आणि आपल्याच कचऱ्याचं करत नाही." कारखान्यातला सगळ्यात नवा काटा त्यांनी धुण्याच्या खोलीत पाठवला. ग्रॅमपर्यंत बिनचूक, आणि वर चिठ्ठी छापून देणारा. म्हणजे हातचलाखीला जागाच नाही. हे काम कोणाकडे द्यायचं? सगळे एका सुरात म्हणाले, काकांकडे. त्यांच्यासारखा खरा माणूस नाही.

त्या शनिवारी काकांनी दार लावून गुपचूप वजन करून पाहिलं. अकरा किलो चारशे. दाराजवळचा फळा काकूंच्या येण्याजाण्याच्या वाटेवर होता. काकांना मॅडमची, साहेबांची, कोणाची म्हणून भीती वाटली नाही. फक्त काकू दारातून येतायत, चष्मा सावरून फळ्याकडे बघतायत आणि अकरा किलो चारशे वाचतायत, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिलं. भिंतीकडे वळलेली ती पाठ त्यांना पुन्हा बघायची नव्हती.

खोटा आकडा लिहिता येत नव्हता. मग आकडाच खरा करायचा, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारपासून दोन बादल्या घेऊन काका मागच्या फाटकाकडे जाऊ लागले. फाटक कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन येऊन चांगला अर्धा तास मोडे, आणि खेपा तीन. रखवालदाराची शेळी, तिची दोन पिल्लं आणि त्याच्या डझनभर कोंबड्या या कामी आल्या. जेवणाच्या रांगेतही काका आता फडकं घेऊन टेबलं पुसायच्या निमित्तानं हिंडत आणि एकेकाच्या कानाशी लागत. चमचाभरच घे रे बाबा, पण ताटात टाकू नकोस. माणसं त्यांच्या शब्दाला मान देत. ताटं स्वच्छ येऊ लागली, पण मग पातेली भरलेली येऊ लागली. आणि त्या मंगळवारी, शेळीनं दुधीकडे पाठ फिरवली तेव्हा, काकांपाशी एकच उपाय उरला. 

ते परत आले, खोलीचं दार लावलं, पातेल्यातला न हाताळलेला दुधी वेगळा काढला, पळी घेतली आणि उभ्यानंच खायला लागले.

पहिल्या दिवशी सातशे ग्रॅम गेला. काकांनी डोळे मिटून खाल्ला. गार, अळणी, तोंडात ठेवला तर हलत नाही आणि गिळला तर उतरत नाही. फाटकापाशी ओतून आलेला कोंबड्यांनी नाइलाजानं टिपला. पण माणसाला कशाचीही सवय होते. पंधरवड्यात काका किलोवर आले. महिन्यात सव्वा किलो. कधी पालक, कधी बीट, कधी दोडका, पण मंगळवार-गुरुवार दुधीला पर्याय नाही. फळ्यावरचा आकडा नऊशे ग्रॅमवर आला, मग सहाशेवर, एके दिवशी तर दोनशे दहा. येणारे जाणारे थांबून बघत. काकूही थांबत. एकदा काकांनी खिडकीतून पाहिलं, तर त्या पदरानं फळ्याची चौकट पुसत होत्या. 

घरी मात्र वेगळीच पंचाईत झाली. रात्री काकांना भूकच नसे. ताटावर बसून दोन घास चिवडत आणि उठत. पोट उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. गालफडं दिसायला लागली. काकू मनातून घाबरल्या. त्यांना वाटलं, यांना काहीतरी मोठं दुखणं लागलंय आणि हे माझ्यापासून लपवतायत. शेजारणीला त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, दिवसेंदिवस वाळत चाललेत हो, अन्न जात नाही. शेजारीण म्हणाली, पचायला हलकं काहीतरी द्या. काकूंनी रात्री रोज दुधीच सुरू केला. 

हे खाणं काकांच्या जिवावर यायचं, पण तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती. त्यांनी दिवसाकाठी तीनदा, दुपारी ताटातला, मग पातेल्यातला आणि रात्री घरचा, दुधी खाल्ला आणि मुकाट्यानं शेळीचा हेवा केला.

तीन महिन्यांनी मॅडमनी पुन्हा सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि आठवड्यानं दालनात सभा बोलावली. साहेब आले. सगळी खाती आली. स्वयंपाक आटोपून काकूही ठेवणीतले कपडे घालून तिसऱ्या रांगेत ताठ बसल्या, कारण मॅडमनी त्यांना आवर्जून यायला सांगितलं होतं. रखवालदारही फाटक लावून मागे उभा राहिला.

मॅडम बोलायला उठल्या, पण त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. त्या म्हणाल्या, उरलेलं अन्न पाव किलोवर आलंय, म्हणजे सगळे सगळं खातायत. मग कोणाच्याही रक्तात काडीचा फरक का नाही? साखर तीच, चरबी तीच, काहींची तर वाढली. फाइलिंगचा फोरमन पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला. "फक्त एका माणसात फरक पडलाय," मॅडम म्हणाल्या, "आणि तो असा पडलाय की मी तपासणी दोनदा करून घेतली." काकांची साखर पार उतरून जागेवर आलीय, असं सांगून त्यांनी काकांना पुढे बोलावलं.

काका जड पावलांनी पुढे गेले. लोक टाळ्या वाजवत होते. तिसऱ्या रांगेत काकूंनी तोंडावर हात धरला होता. नवऱ्याला दुखणं नाही, हे त्यांना तेव्हा, तिथे, सगळ्यांसमोर कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना वाटलं, हे इथेच संपावं. देवानं दिवे घालवावेत आणि सगळ्यांनी घरी जावं.

साहेबांनी ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, काय खाता तुम्ही, सांगा सगळ्यांना.

"बायकोच्या हातचं," काका म्हणाले. यात काही खोटं नव्हतं. दालन टाळ्यांनी दणाणलं.

एखादा दुसरा साहेब असता तर तिथेच हार घालून मोकळा झाला असता. पण हा माणूस उभं आयुष्य वजनात घालवलेला. त्यानं विचारलं, "पण किती?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. बावीस वर्षं बोलले होते. पण ते एकच खोटं होतं, एकाच माणसाशी, आणि त्याचा आता सराव झालेला होता. वजनाबद्दल खोटं बोलायची तालीम त्यांनी केलेली नव्हती.

"दीड किलो," ते म्हणाले. "दुधी असेल तर."

साहेबांनी मनात हिशेब केला. दीड किलो भाजी एका माणसाच्या ताटात मावत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. ही भाजी येते कुठून? मॅडमनी हळूच विचारलं, "काका, पातेल्यातली?" काकांनी मान खाली घातली. 

इथपर्यंतही कदाचित निभावलं असतं. पण मागे उभ्या असलेल्या रखवालदाराला वाटलं की सगळं श्रेय एकट्या काकांना चाललंय. तो न्यायी माणूस होता. तो घसा खाकरून म्हणाला, "आणि साहेब, माझ्या शेळीचं कोण सांगणार? दुधी सोडला तर रोज आठ-नऊ किलो तीच संपवते. तिचंही रक्त तपासा एकदा."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. फोरमनला ठसका लागला. साहेब आधी चिडले, मग तेही हसले. मॅडम हसू दाबायला टेबलाकडे वळल्या, आणि नंतर त्यांनी असंही कबूल केलं की जमिनीच्या दृष्टीनं शेळीची सोय काही वाईट नाही. काका मात्र तिसऱ्या रांगेकडे बघत उभे होते. काकू हसत नव्हत्या. त्यांनी मांडीवरचा रुमाल उलगडला, त्याची परत नीट घडी घातली आणि उठून दाराबाहेर गेल्या. दाराजवळ फळा होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

त्या दिवशी घरी जाताना काकूंनी काही विचारलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. काका दोन पावलं मागून चालत होते. घरी येऊन काकूंनी भांडी लावली, पाणी भरलं, सगळं जागच्या जागी केलं. काकांना वाटलं, आता त्या भिंतीकडे तोंड करतील. पण त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"कधीपासून?" 

काकांना तीन महिने म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही. पण समोरचा चेहरा बघून त्यांना खोटं बोलायचा एकाएकी फार कंटाळा आला.

"दुसऱ्या दिवसापासून," ते म्हणाले. "तू रडली होतीस ना. तेव्हापासून."

काकू हाताच्या नखांकडे बघत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझी भाजी कशी होते, ते सगळ्या कारखान्याला माहीत," त्या म्हणाल्या. "रखवालदाराला माहीत. शेळीला माहीत. मलाच तेवढं माहीत नाही."

काका म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून. काकू म्हणाल्या, ते कळतंय मला. आणि मग म्हणाल्या, "अहो, पण पहिल्या दिवशी एवढं रडले, तरी दुसऱ्या दिवशी डाळ दोनदा निवडून, दोनदा धुऊन घातली होती मी. तुम्ही सांगितलंत म्हणूनच ना? मला सांगत राहिला असतात, तर शिकले नसते का मी? बावीस वर्षांत कुठल्या कुठे गेले असते."

आपण तिला एक सुख देतोय, अशी काकांची इतकी वर्षं समजूत होती. तिच्याकडून आपण काही काढून घेतलंय हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. त्यांना फार अपराधी वाटलं. काकूंनी उठून दोघांचं वाढलं. 

सकाळी काकू नेहमीपेक्षा लवकर गेल्या. काका पोचले तेव्हा स्वयंपाक होत आला होता. त्या दिवशी पातेलं पुढच्या टेबलावर गेलं आणि वाढणं सुरू झालं, तेव्हा काकू हात पुसत दालन ओलांडून पलीकडे आल्या. इतक्या वर्षांत त्या जेवणाच्या वेळी कधी या खोलीत आल्या नव्हत्या. त्यांनी काकांचा रबरी एप्रन खुंटीवरून काढला आणि अंगात घातला. तो त्यांना घोट्यापर्यंत आला. काकांनी विचारलं, तू काय करतेस? काकू म्हणाल्या, तुम्ही बसा तिथे. मी बघते. काका कोपऱ्यातल्या पिंपावर जाऊन बसले. हातांना काम नसल्यामुळे ते कुठे ठेवावेत, हे त्यांना कळेना.

पहिलं ताट आलं ते नेमकं फाइलिंगच्या फोरमनचं. तो नेहमीप्रमाणे काहीतरी बोलायच्या बेतात खिडकीशी आला, आणि आत त्याला काकू दिसल्या. ताटात अर्ध्याहून जास्त भाजी होती. त्यानं ताट मागे ओढलं. आत्ता संपवतो काकू, म्हणाला, बोलण्याच्या नादात राहून गेली.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "दे इकडे. काय झालं तिला, ते सांग."

फोरमन एकदा मागे बघून घेऊन हलक्या आवाजात म्हणाला, कच्ची राहते काकू. देठाकडून. आणि वाढेपर्यंत गार होते.

काकूंनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. एक फोड बोटांनी दाबून पाहिली, तोंडात टाकली आणि सावकाश चावली. मग उरलेली भाजी स्वतःच्या हातानं काट्यावरच्या बादलीत काढली, वाकून आकडा वाचला, आणि पुढचं ताट घ्यायला खिडकीतून हात बाहेर केला.